एनएसएसची पोरं गावात येतात तेव्हा: आरोग्याच्या कामात विद्यार्थ्यांचा खरा उपयोग कुठे होतो?

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यातून फिरा, एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या फाटकावर कापडी फलक हमखास दिसतो. ‘विशेष श्रमसंस्कार शिबिर’, खाली महाविद्यालयाचं नाव, दत्तक गावाचं नाव आणि सात दिवसांच्या तारखा. आत राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) पोरंपोरी वर्गखोल्यांत सतरंज्या टाकून मुक्कामाला. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी ‘बौद्धिक’, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मधल्या एका दिवशी आरोग्य तपासणी शिबिर असतंच. सातव्या दिवशी समारोप, सरपंचांच्या हाती श्रीफळ, गटफोटो आणि गाडी परत.

या सगळ्याचा गावाच्या तब्येतीवर काही परिणाम होतो का? होऊ शकतो, आणि चांगला होऊ शकतो. पण बहुतेक ठिकाणी आपण विद्यार्थ्यांना चुकीचं काम देतो. एक तर त्यांच्या हातात फलक देऊन घोषणा द्यायला लावतो, नाहीतर गळ्यात स्टेथोस्कोप नसलेले अर्धे डॉक्टर करून टाकतो. त्यांच्याकडे खरोखर काय असतं? चालायला पाय, मोकळा वेळ, कुठल्याही घरात ‘ये रे बाळा, बस’ म्हणून मिळणारा प्रवेश आणि पुन्हा यायची सोय. आरोग्याच्या पुष्कळ कामांना नेमकं हेच लागतं, आणि सरकारी यंत्रणेकडे नेमकं याच गोष्टींचं दुर्भिक्ष्य असतं.

आधी चौकट समजून घेऊ. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. आज स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, म्हणजे वर्षाला १२०. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. लोकांच्या डोळ्यांत भरतं ते शिबिर. वर्तमानपत्रात बातमी येते तीही शिबिराची. पण कामाच्या दृष्टीने जास्त मोलाचे ते १२० तास आहेत, कारण ते वर्षभर विखुरलेले असतात. बऱ्याच महाविद्यालयांत हे तास व्याख्यानं, दिनविशेष आणि परिसर झाडण्यात संपतात. गुणांसाठी नाव नोंदवणारी पोरंही असतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. काम नीट दिलं तर तीसुद्धा रमतात, हे कुठल्याही जुन्या कार्यक्रम अधिकाऱ्याला विचारा.

घोषणांचं गणित

‘हात धुवा, रोग पळवा’ हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाचं चित्र असतं, ते पाहतच माणूस पुडी फाडतो. माहिती नसल्यामुळे लोक तब्येतीची हेळसांड करतात असं गृहीत धरलं की उपाय म्हणून आपोआप फेरी निघते. खरी अडचण अनेकदा वेगळीच असते. साबण मोरीवर असतो आणि हात धुवायची जागा अंगणात. गोळ्या घेतल्या की मळमळतं, म्हणून बाईने त्या बंद केलेल्या असतात. दवाखाना सकाळी असतो आणि सकाळी तिला मजुरीला जायचं असतं. ही अडचण फेरीतून कळत नाही. ओसरीवर बसल्याशिवाय ती कोणी सांगत नाही, आणि पहिल्या भेटीत तर नाहीच.

स्वतःची काळजी म्हणजे नुसतं ‘पाणी भरपूर प्या, व्यायाम करा’ एवढंच नव्हे. घरच्या घरी आजार टाळणं, साध्या दुखण्यात काय करायचं ते माहीत असणं, जुनाट आजाराची औषधं न चुकवणं आणि दवाखान्यात कधी पळायचं ते ओळखणं, हे सगळं तिच्यात येतं. यातली प्रत्येक गोष्ट करून दाखवता येते आणि पुढच्या खेपेला ती टिकली का ते बघता येतं. विद्यार्थ्यांचं काम या ‘पुढच्या खेपेला’ सुरू होतं. उदाहरणच घेऊ, आणि ते जरा सविस्तर घेऊ.

डेंग्यू: एका आठवड्याचं वेळापत्रक

डेंग्यूचा विषाणू पसरवते एडिस इजिप्ती जातीच्या डासाची मादी. पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावते, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. ती गटारात अंडी घालत नाही. तिला लागतं घरातलं, अंगणातलं साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी: पिंप, रांजण, सिमेंटचा हौद, कूलर, फ्रिजमागची ट्रे, मनी प्लँटची बाटली, छपरावरचा टायर, कोकणात परसात पडलेल्या करवंट्या. म्हणून ग्रामपंचायतीने गटारांवर धूर मारला की गावाला हायसं वाटतं, पण पिंपातल्या अळीला त्या धुराचा पत्ताही नसतो. धूर मारतो तो उडत्या डासाला, तोही त्या वेळी तिथे असला तर.

अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी केली तर डास तयारच होत नाही. आरोग्य खातं ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं त्यामागे एवढंच गणित आहे. मात्र इथे एक मेख आहे. मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने घासावं लागतं. ‘घासा’ हा शब्द भित्तिपत्रकावर बहुधा नसतोच.

आता विद्यार्थी काय करतात ते जवळून बघू. जोडीने जायचं, एक मुलगा आणि एक मुलगी असली तर उत्तम, म्हणजे न्हाणीघरापर्यंत जाता येतं. हातात टॉर्च, वही आणि पांढरी वाटी. पिंपाचं झाकण अलगद उचलायचं. झोत पडल्याबरोबर अळ्या वळवळत तळाकडे पळतात, त्यामुळे उतावळा पोरगा ‘काही नाही’ म्हणून पुढे जातो. दोन-तीन मिनिटं थांबलं की त्या श्वास घ्यायला वर येतात. डोकं खाली, शेपटीकडची छोटी नळी पृष्ठभागाला टेकवलेली, अशा तिरक्या लोंबतात. हिवतापाच्या डासाची अळी मात्र पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. वाटीत थोडं पाणी घेऊन घरच्या बाईला ते दाखवायचं. आपल्याच पिंपातली वळवळ पाहिल्यावर पुढचं भाषण द्यावं लागत नाही.

उत्तर मात्र ऐकावं लागतं. मराठवाड्यात, विदर्भात, पुण्या-नाशिकच्या पूर्व पट्ट्यात हा संवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे होतो.

“मावशी, आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासा.”

“आन् पानी काय तू आणून देशील? नळाला चार दिवसाआड येतंय.”

मावशीचं बरोबर आहे. जिथे पाणी चार-चार दिवसांनी येतं तिथे ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला देणाऱ्याची अक्कल निघते. तिथे तडजोड शोधावी लागते: जुन्या सुती साडीचं कापड दुहेरी करून पिंपाच्या तोंडाला घट्ट बांधायचं, नळ येणार त्या सकाळी तळाशी उरलेलं पाणी झाडांना घालून पिंप घासायचं आणि मगच भरायचं. म्हणजे कोरडा दिवस नळाच्या पाळीनुसार ठरवायचा. शुक्रवार असो की मंगळवार, डासाला वार कळत नाही. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. ते आरोग्य उपकेंद्रातून मिळण्याची शक्यता असते. अळीनाशक औषध टाकायचं काम मात्र आरोग्य कर्मचाऱ्याचं, पोरांनी त्याला हात लावायचा नाही.

वहीत काय लिहायचं? घर क्रमांक, पाणी असलेली भांडी किती, अळ्या सापडलेली किती आणि ती कसली. यातून तीन आकडे निघतात. समजा १०० घरं पाहिली आणि १२ घरांत अळ्या मिळाल्या, तर गृह निर्देशांक १२. त्या शंभर घरांत मिळून पाण्याची ४०० भांडी होती आणि २० भांड्यांत अळ्या होत्या, तर भांडी निर्देशांक ५. आणि शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, ते २०. याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. नावं जड आहेत, पण गणित सातवीच्या शेकडेवारीचं आहे. कुठल्या आकड्याला धोका सुरू होतो याची सगळीकडे लागू पडेल अशी पक्की रेषा नाही. तरी गावाला स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी तुलना करता येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यातला आकडा आणि ऑगस्टमधला आकडा चावडीवरच्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कुठल्या आळीत किती, तेही लिहा (घराचं नाव लिहू नका, गावात भांडणं लागतात). मग बघा, फेरीला न येणारी माणसं फळ्यासमोर थांबतात की नाही.

या वहीचा अजून एक उपयोग आहे आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. अळ्यांची बहुतेक भांडी साठवणीची असतील, तर दोष घासण्याच्या आळसाचा कमी आणि नळाच्या वेळापत्रकाचा जास्त. हा मुद्दा ग्रामसभेत आकड्यांसह मांडता येतो. स्वतःची काळजी घ्या म्हणून लोकांनाच दरडावत राहायचं आणि पाणीपुरवठ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असल्या आरोग्य जागृतीला काही अर्थ नाही.

आजाराबद्दल सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. तापाला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरतो तेव्हा घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण डेंग्यूत गंभीर गुंतागुंत बहुतेक वेळा त्याच सुमारास सुरू होते. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, माणूस मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं की दवाखाना गाठायचा.

जुलाब आणि लिटरचं भांडं

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत कॉलऱ्याने थैमान घातलं. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवायला लावलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. पाजणाऱ्यांपैकी बहुतेकांना वैद्यकाचा गंधही नव्हता. सामान्य माणसाच्या हातात योग्य कृती दिली तर काय होतं, याचा याहून धडधडीत पुरावा मला तरी माहीत नाही.

हे पाणी काम का करतं? जुलाबात आतड्याची पाणी आणि मीठ शोषायची ताकद कोलमडते, पण एक वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. साखर आतड्याच्या भिंतीतून आत जाताना मिठाला हाताला धरून सोबत नेते, आणि त्या दोघांमागून पाणी जातं. नुसतं पाणी प्यायलं किंवा नुसतं मीठ घातलं तर ही वाट वापरली जात नाही. साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून प्रमाणाला महत्त्व: एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दवाखान्यात मिळणारी ओआरएसची मोठी पुडी याहून चांगली, तिच्यात पोटॅशियमही असतं. ती पूर्ण एक लिटरसाठी असते.

गोची इथेच होते. आई पुडीतली चिमूटभर पावडर पेल्यात टाकते, ‘बाकीची संध्याकाळी’. किंवा अख्खी पुडी एका तांब्यात. त्यामुळे विद्यार्थ्यांनी प्रत्येक घरात करायचं काम अगदी साधं आहे. पाण्याची एक लिटरची बाटली सोबत न्यायची, ती त्या घरातल्या पातेल्यात ओतायची आणि पाणी कुठवर आलं तिथे खूण करायची. आता त्या घरात लिटर म्हणजे काय ते कायमचं ठरलं. मग आईकडूनच एकदा द्रावण करून घ्यायचं. आपण करून दाखवायचं नाही, तिने करायचं. चव घ्यायची, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं. मूल जुलाबाने बेजार असेल तर चमच्या-चमच्याने पाजत राहायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं, आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन १४ दिवस द्यायच्या. जुलाब थांबले तरी १४ दिवस. डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त आलं किंवा मूल पीतच नाही, तर घरी थांबायचं नाही.

दुकानातल्या रंगीत गोड पेयाच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत ‘ओआरएस’ छापलेलं असायचं. प्रमाणित सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर हा शब्द वापरायला ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. गावातल्या टपऱ्यांवर जुना माल उरला आहे का, हे बघणंही पोरांना जमण्यासारखं आहे.

रक्तदाबाचं यंत्र, आणि त्याने होणारा घोळ

तपासणी शिबिरात सगळ्यांत लांब रांग रक्तदाबाची असते. आजी उन्हातून टेकाड चढून येते, रांगेत अर्धा तास उभी राहते, नुकताच चहा झालेला असतो, बाकावर टेकते न टेकते तोच दंडावर पट्टा. आकडा १६० येतो. ‘आजी, तुम्हाला बीपी आहे.’ झालं. आजी घाबरते किंवा शेजारणीच्या गोळ्यांतली एक अर्धी करून खायला लागते. पोरं संध्याकाळी ‘१५० रुग्णांची तपासणी’ असा अहवाल लिहितात.

नीट मोजायचं तर अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसायचं. हात छातीच्या पातळीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, चोळीच्या किंवा सदऱ्याच्या बाहीवर नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या पुढे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा येत असेल, तरच डॉक्टर उच्च रक्तदाब म्हणतात. म्हणजे एका दिवसाच्या शिबिरात हे निदान होऊच शकत नाही. मग विद्यार्थ्यांनी काय करायचं? आकडा चिठ्ठीवर तारखेसह लिहून द्यायचा, जास्त असेल तर नाव आशाताईंच्या यादीत घालायचं, आणि पंधरा दिवसांनी ‘आजी, उपकेंद्रात जाऊन आलात का?’ हे विचारायला जायचं. ते विचारायला कोणीच जात नाही, आणि तिथेच साखळी तुटते.

(फार मोठा आकडा, सोबत छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं असेल तर चिठ्ठीबिठ्ठी राहू दे, १०८ ला फोन.)

ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांच्याकडे अजून मोठं काम आहे. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांची संख्या कुठल्याही गावात कमी नसते. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे गोळी घेतली काय नि न घेतली काय, फरक जाणवत नाही. रिकामी पाकिटं मोजून गोळ्या चुकतात का ते दहावीचं पोरगंही सांगू शकतं. मिठाचं बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, सगळ्या जेवणाचा मिळून. भाजीतलं मीठ लोकांना दिसतं. लोणचं, पापड, फरसाण आणि कोकणातली सुकी मासळी हिशोबातच धरत नाहीत. आणि मशेरी. घरातल्या बायांना तंबाखू विचाराल तर ‘छे’ म्हणतील. मशेरी लावता का विचाराल तर मग खरं उत्तर येईल, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं.

साप, गोळ्या आणि इतर

सर्पमित्राला बोलावून साप दाखवायचा कार्यक्रम शिबिरात गर्दी खेचतो. त्यापेक्षा एक कंटाळवाणं काम जास्त जीव वाचवेल: जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष असतं ते जाऊन विचारणं, रात्री दोन वाजता गाडी काढणाऱ्या गावातल्या तिघांची संमती घेणं आणि हे सगळं शाळेच्या भिंतीवर रंगवून टाकणं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून किंवा मारून नेण्यात वेळ घालवायची गरज नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता थेट रुग्णालय. मण्यार रात्री चावते, तेही जमिनीवर झोपलेल्याला, आणि चावा बरेचदा जाणवतही नाही. खाट आणि मच्छरदाणी हा इथे उपचाराइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेतून आठवड्याला एक मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली, म्हणून हा खटाटोप. गोळी दप्तरात जाते आणि तिथून ओढ्यात. का, ते मुलींना मुलींनीच विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर निघतं: उपाशीपोटी घेतली, मळमळलं, किंवा शौचाचा रंग काळा झाला म्हणून घाबरले. जेवणानंतर घ्यायची, वर लगेच चहा प्यायचा नाही, काळा रंग लोहाचाच असतो, एवढं सांगितलं की निम्मी भीती जाते. हे काम शाळेतल्या मुलीही करू शकतात. २०२० पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून नेमायचे आणि वर्गप्रतिनिधींनी त्यांना हातभार लावायचा, अशी रचना आहेच.

सेवाग्रामची रीत

१९६९ सालीच, त्याच गांधी शताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथली एक रीत मला एनएसएसच्या प्रत्येक एककाने उचलावीशी वाटते. एमबीबीएसला आलेली प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. आधी पंधरा दिवस त्या गावात मुक्काम, मग प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही घरं, आणि पुढे काही वर्षं त्याच घरांना भेटी. गाव मोठं असलं तरी विद्यार्थ्याचं गाव म्हणजे ती चार-पाच घरं. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या आजोबांनी गोळ्या सोडल्या, ते त्याला माहीत असतं. २०२२ पासून देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना अशाच धर्तीचा कुटुंब दत्तक कार्यक्रम लागू झाला आहे.

कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्याला हे जमणार नाही असं काही नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर बायांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आरोग्यदूत स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. बारावी पास पोराला लिटर मोजता येणार नाही?

हद्द मात्र आखून घ्यावी. विद्यार्थ्याने औषध द्यायचं नाही, आशाताईंनी दिलेलं पोचवणं वेगळं. निदान सांगायचं नाही. साखरेच्या तपासणीला बोट टोचायचं असेल तर प्रशिक्षित माणूस हवा आणि प्रत्येकाला नवी सुई. कोणाला क्षय आहे, कोणाची पाळी चुकली, कोण दारू पितो, हे कट्ट्यावर बोलायचं नाही. परवानगी नसताना फोटो नाही, आणि पिंपात अळ्या सापडलेल्या घराचा तर नाहीच नाही.

आणि गावात पाय ठेवायच्या आधी आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांना भेटायचं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, डोक्यावर डझनभर नोंदवह्या. पन्नास पोरं न सांगता येऊन तिच्याच घरांत तोच सर्व्हे पुन्हा करतात तेव्हा तिच्या कामात भरच पडते. ‘ताई, तुमची कुठली घरं सुटतात?’ एवढाच प्रश्न विचारा. वस्तीवरचं, मळ्यातलं, ऊसतोड कामगारांच्या पालांवरचं, वीटभट्टीवरचं उत्तर येईल. पोरांना पहिल्यांदा तिकडे पाठवायचं.

शेवटी वेळापत्रकाचा प्रश्न उरतो. शिबिर हिवाळ्यात असतं आणि डेंग्यू, जुलाब, साप हे सगळं पावसाळ्यात. ही विसंगती महाविद्यालयाला सहज सोडवता येते, कारण १२० तास हाताशी आहेत. हिवाळी शिबिरात घरांची यादी, भांड्यांची मोजदाद, रक्तदाबाच्या चिठ्ठ्या आणि भिंतीवरची माहिती उरकायची. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास लिटरच्या खुणा आणि ओआरएस. जुलै ते ऑक्टोबर दर आठवड्याला दोन तास, चार-चार घरं, टॉर्च आणि वाटी घेऊन. परीक्षा आल्या की खंड पडणारच, तेव्हा गावातल्या माध्यमिक शाळेच्या मुलांकडे वही सोपवायची. तुकडी बाहेर पडताना ती वही महाविद्यालयाच्या कपाटात जाता कामा नये. एक प्रत उपकेंद्रात, एक ग्रामपंचायतीत आणि मूळ वही पुढच्या तुकडीच्या त्या दोन पोरांकडे, ज्यांना जुन्यांनी घरोघर नेऊन “मावशी, आता हा येईल” असं सांगितलेलं असेल.